तिसऱ्या थरातली माती

"शलाका, त्या बाईचे ओठ बघ जरा," आई फोनवर म्हणाली. "पांढरे दिसतायत. रक्त तपासून घे तिचं."

मी आईला व्हिडिओ कॉलवर नात दाखवत होते. आठ महिन्यांची रेवा डिलेश्वरीच्या कडेवर बसून तिच्या गळ्यातले काळे मणी तोंडात घालायला बघत होती, आणि मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने ते मणी सोडवत होते. मागे तनसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग, ऊन उतरत आलेलं.

"आई, फोनमध्ये सगळंच पांढरं दिसतं," मी म्हटलं. "चित्रावरून रंग वाचायचा नसतो. आम्ही मातीचा रंगसुद्धा ढेकूळ हातात घेऊन, भर उन्हात बघतो. तिन्हीसांजेचा उजेड चालत नाही."

"तू माती बघ खुशाल. मी जन्मभर बायका बघितल्यात."

"सातवा लागलाय तिला. दमते ती."

"दमलेली वेगळी, पांढरी वेगळी. उद्याच्या उद्या तिला..."

रेवाने फोनवर झडप घातली आणि कॉल बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. आई सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती आणि तेव्हापासून तिला दूधवाल्याच्या डोळ्यांत कावीळ दिसे, वॉचमनच्या चालीत साखर दिसे. माझ्या लग्नात तिने व्याह्यांच्या पायांची सूज हेरून ठेवली होती.

"आई का म्हनत होत्या जी?" डिलेश्वरीने विचारलं.

"नीट जेवत जा म्हणाली."

"सांगा त्यायले, सासू चारते म्हना. म्हशीवानी." आणि ती हसत रेवाला घेऊन ओसरीवर टेकली. टेकताना तिने खांब धरला होता, हे मला आज दिसतं.

चिचटोला पूर्व विदर्भात, भाताच्या मुलखात आहे. धान कापून झालं, बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची वावरं, रिकाम्या झाल्या की आमच्या कामाचा हंगाम सुरू होई. मातीचं सर्वेक्षण. टेकडीच्या माथ्यापासून नाल्यापर्यंत एक रेघ धरायची, त्या रेघेवर ठिकठिकाणी माणसाच्या छातीइतका खड्डा खणायचा, त्याची एक भिंत चाकूने तासून स्वच्छ करायची, आणि वरून खाली एकेक थर वाचायचा. जाडी किती, रंग कोणता, बोटांत मळली तर वळते का तुटते. सोबत त्या भागाचा पाऊस, उन्हाळ्याचा पारा, जमिनीचा उतार, खाली खडक कोणता. एवढं सगळं एकत्र ठेवलं की मगच म्हणता येतं, ही माती अमुक आहे.

आमचे प्रमुख बोरकुटे सर. निवृत्तीला आलेले, टोपीखाली घामाने चप्प बसलेले केस. मी कंत्राटावर, नवरा पुण्यात, आणि मूल अंगावर पिणारं. सरांना मी आधीच सांगितलं होतं, मुलीला आणल्याशिवाय येता येणार नाही. ते म्हणाले, "आण. मातीचं काम आहे, संगमरवराचं नाही."

गावात इठाबाईच्या घरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. इठाबाई विधवा, कडक, कंबरेत वाकलेली. डिलेश्वरी तिची सून. मुलगा लोकचंद हैदराबादला इमारतींच्या कामावर. पहिलं बाळंतपण फुकट गेलं होतं, मूल जन्मलं ते निश्चलच. त्यामुळे या खेपेला इठाबाई सुनेला विहिरीवर जाऊ देत नव्हती, वाकू देत नव्हती, आणि मी रेवाला सांभाळायला बाई शोधत होते म्हटल्यावर तिनेच सुनेला पुढे केलं. "बसल्या बसल्या होते तं करन. हात बी वळतीन लेकराले धरायले."

मी डिलेश्वरीला सूचना दिल्या. पाणी उकळलेलंच. हात साबणाने धुवायचे. सतरंजीच्या बाहेर सोडायचं नाही. आणि काही झालं तरी तोंडात माती जाऊ द्यायची नाही.

ती गंभीरपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी दिवसभर माती चिवडता. सायबायच्या मिशीत माती हाये. अन् ह्या एवढ्याशा जिवाले मातीची बंदी?"

"जंत होतात."

"आमाले कोनी सांगतलंच नाही जी. आमी तसेच मोठे झालो, जंतायच्या संगं."

सर आतून मोठ्याने हसले. त्यानंतर ते रोज रेवाला विचारत, "काय बाई, आज तरी मातीशी ओळख झाली का?" आणि मी रोज संध्याकाळी येऊन पहिलं काम काय करायची, तर लेकीच्या हिरड्यांवरून बोट फिरवायची. कण लागतो का बघायची. झोपेत तिचा श्वास मोजायची. तिच्या नखांखाली बघायची. डिलेश्वरी ते बघे आणि तोंडाला पदर लावे.

गावकऱ्यांनी मातीला नावं दिलेली होतीच. टेकडीवरची मुरमाड ती बर्डी. तिच्याखालची पिवळसर सिहार. मग मोरंड, आणि नाल्याकाठी काळी जड कन्हार. पण इठाबाईच्या घरामागच्या बांधीत खणलेला खड्डा त्यांतल्या कशातच बसेना. वर हातभर करडी माती, त्याखाली तपकिरी, आणि तिसरा थर फिकट पिवळा, साबणाच्या वडीसारखा मऊ, चाकू लावला की चकाकणारा. जुन्या कुठल्याही नकाशात तसली माती नोंदलेली नव्हती. आसपासच्या गावांतही तशीच निघाली तर ती नवी म्हणून धरली जाते आणि ज्या गावात पहिल्यांदा सापडली त्या गावाचं नाव तिला मिळतं. सर खड्ड्यात उतरून तो थर अंगठ्याने चोळत उभे राहायचे. "जायच्या आधी एक नवी माती," ते म्हणाले. "बास. मग मी नातवंडं खेळवीन."

डिलेश्वरी रेवाला घेऊन खड्ड्याच्या काठावर येई. पहिल्याच दिवशी तिने मान वाकवून दीर्घ श्वास घेतला.

"का मस्त वास येऊन रायला जी."

"काठापासून लांब हो," मी म्हटलं. "रेवा आहे कडेवर."

त्यानंतर नमुन्यांच्या पिशव्या हलक्या भरू लागल्या. प्रत्येक थराची माती आम्ही कापडी पिशवीत भरून, चिठ्ठी बांधून ओसरीवर सावलीत वाळत ठेवत असू. तिसऱ्या थराची पिशवी दर दोन दिवसांनी खाली बसे. सर म्हणाले, ओल उडाली. मग म्हणाले, उंदीर. पिशव्या आढ्याला टांगल्या. तरी ती एकच पिशवी हलकी.

"निवडक उंदीर आहे," सर म्हणाले. "मातीची जाण असलेला."

एका दुपारी मी लवकर परतले. रेवा सतरंजीवर झोपली होती. डिलेश्वरी तिच्यावर पदराने वारा घालत बसलेली, आणि तिच्या गालात काहीतरी फिरत होतं.

"काय खातेस?"

तिने मूठ उघडली. तळहातावर पिवळं ढेकूळ, कडेला दातांच्या खुणा.

"तुमचीच हाये," ती म्हणाली. "रागावू नोका जी. लेकराले नाही दिली, शपत. हात धुऊनच घेतो तिले."

मला हसू आलं. केवढी धास्ती होती तिच्या चेहऱ्यावर. "अगं पण कशी लागते?"

"थंड. आगीवर पानी टाकल्यावानी. छातीत जळते नं, ते बसून जाते. पह्यले भिताडाची खात होतो, पन हे..." तिने डोळे मिटले. "हे लोन्यावानी हाये."

इठाबाईला कळलं तेव्हा ती चिडली, पण सुनेवर नाही, आमच्यावर. "मंग द्या नं तिले. पोटातलं लेकरू मांगते. डोहाळे नाही पुरवले तं लेकराची लाळ गळते जनमभर. एका ढेकलानं का तुमची सरकारी माती सरते?"

तेव्हा सरांनी जो विचार केला तो आमच्यासारखीच माणसं करतील. ते म्हणाले, "पिशवीतली खाऊ नको पोरी, तिला दहा हात लागलेत. आणि वरच्या थराची तर बिलकुल नको, त्यात जंतांची अंडी असतात. तिसऱ्या थरात काही नसतं. तिथे मुळंसुद्धा पोचत नाहीत. एकदम स्वच्छ." आणि त्यांनी स्वतः खड्ड्यात उतरून, चाकू स्पिरिटने पुसून, तासलेल्या भिंतीतून एक चौकोनी वडी कापून आणली. डिलेश्वरीने ती दोन्ही हातांत घेतली, प्रसाद घेतात तशी.

मग रिवाजच पडला. कामावरून येताना कोणीतरी वडी आणायचंच. सर आणत, ड्रायव्हर आणे, मी आणत असे. मी ती कोऱ्या कागदात गुंडाळून जाकिटाच्या खिशात ठेवी. इठाबाई ती तव्यावर जराशी शेकून देई. दिवसभराच्या उन्हानंतर घरी येऊन तिचा हात पुढे यायची वाट बघण्यात आम्हाला सगळ्यांनाच मजा वाटायची. सर म्हणत, "आमच्या कामाचा एवढा आनंदाने कोणी उपयोग केलेला नाही आजवर."

आईचा तो फोन आला तेव्हा हे चालू होऊन पंधरवडा झाला असेल.

फोन बंद झाला तरी तिचं बोलणं मनाला टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी डिलेश्वरीला विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेतेस ना?"

"घेतो जी. एक बी चुकवली नाही." तिने गाडग्यातून रिकाम्या पट्ट्या काढून दाखवल्या. "नर्सबाई मोजते. रक्त कमी हाये म्हनली, रोज घे म्हनली, घेतो. मागच्या खेपेले घेतल्या नोत्या नं, म्हनून भेव वाटते."

मी आईला तसं कळवलं. आई म्हणाली, "घेत असेल तर बरं. तरी तपास."

तपासायचं होतंच. पण त्याच आठवड्यात रेवाला दात येऊन ताप आला, आणि तो उतरला तोवर शेजारच्या गावांतले खड्डे सुरू झाले. तीन गावांत तोच पिवळा थर निघाला. सर लहान मुलासारखे झाले होते.

डिलेश्वरी आता रेवाला कडेवर घेत नसे, मांडीवर घेई. ओसरीवरून आत जाताना मध्येच भिंतीला टेके. मी विचारलं तर म्हणे, "पोटात दोन दोन हायेत का काय मालूम." एकदा रेवाने तिच्या नडगीवर टाच रोवली तर खळगा पडला आणि तो तसाच राहिला. रेवाला त्याची गंमत वाटली. ती पुन्हा पुन्हा टाच रोवत राहिली, आणि डिलेश्वरी तिला रोवू देत राहिली. मी रेवाच्या पायात काटा तर नाही ना, ते बघत होते.

मोहाची फुलं पडायला लागली, तेव्हा एका सकाळी प्रयोगशाळेतून सरांना फोन आला. आम्ही ओसरीवर चहा घेत होतो. सरांनी फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली.

"शलाका, तिसरा थर बघ. आख्ख्या रेघेवर एवढी धारणशक्ती कुठल्याच थराची नाही. कन्हारचीही नाही."

"एवढी?"

"विलक्षण धरून ठेवणारी माती आहे. जे द्याल ते पकडते. पोटॅश द्या, जस्त द्या, लोह द्या. कणाला घट्ट चिकटवून घेते, सोडतच नाही. इथल्या धानाला खत का लागू पडत नाही, ते आज कळलं. तुम्ही टाकताय, आणि पिकाच्या हाती लागायच्या आत माती गिळतेय."

अंगणात डिलेश्वरी चुलीजवळ बसली होती. तिने पट्टीतून लाल गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली, तोंड वाकडं केलं. मग पदराची गाठ सोडून पिवळा तुकडा काढला आणि जिभेवर ठेवला.

"रोज असं करतेस?" मी विचारलं.

"हाव. गोळी कडू लागते नं जी. वरून थोडी माती खाल्ली का बरं वाटते."

सरांनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मी उठून तिच्यासमोर बसले आणि तिचा चेहरा उन्हाकडे वळवला. ती हसत होती, "का करता जी?" मी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. आत कागद होता. तांबूस काहीच नव्हतं.

"जीप काढा," सर ड्रायव्हरला म्हणाले.

"आज काहून?" डिलेश्वरी म्हणाली. "मंगळवारी नर्सबाई येतेच नं. भात टाकला हाये चुलीवर."

इठाबाईने भात उतरवला आणि तशीच, हात न पुसता जीपमध्ये बसली. रेवाला मी कुणाकडे ठेवणार होते, ती माझ्या मांडीवर. वाटभर डिलेश्वरी तिच्याशी खेळत होती. एका वळणावर म्हणाली, "साहेब आज लय जोरात चालवाले सांगून रायले. कोनी मागं लागलं का?"

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी पापणी बघितली, नखं बघितली, पाय दाबला.

"दम कधीपासून लागतो?"

"लागतेच नं जी. पोट हाये."

बोटाला सुई टोचून घेतली. थोड्या वेळाने त्या कागद घेऊन आल्या आणि मला बाजूला घेतलं. "हिमोग्लोबिन चारच्या आत आहे. ही चालत कशी आली? तुम्ही कोण यांच्या?"

"यांच्याकडे राहते. सर्वेक्षणाला आलोय आम्ही."

"शिकलेल्या दिसता," त्या म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

मी मातीचं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता ऐकलं. "मातीमुळेच झालं असं नाही म्हणता येणार. रक्त मुळातच कमी असेल, आणि कमी असलं की माती खावीशी वाटते. पण गोळ्या लागू पडल्या नाहीत, हे दिसतंय."

जिल्ह्याला न्यायला रुग्णवाहिका आली. इठाबाई पुढे बसली, मी मागे डिलेश्वरीजवळ. सरांनी रेवाला घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, दोन हातांत लांब धरून, एखादा नमुना धरावा तसं. ती रडली नाही. तिला घेऊन ते जीपने आमच्या मागून निघाले.

अर्ध्या वाटेत डिलेश्वरीच्या पोटात कळा यायला लागल्या. आठवाही भरला नव्हता. तिच्या नाकावर नळी होती. तिने माझा हात ओढला, मी वाकले.

"ताई, एक ढेकूळ हाये का जी? तोंड कसंतरी होऊन रायलं."

"नाही," मी म्हटलं.

"खिशात दिसून रायलं नं."

माझ्या जाकिटाच्या खिशात कोऱ्या कागदात गुंडाळलेली वडी होती. आदल्या संध्याकाळची, द्यायची राहिलेली. मी खिशावर हात ठेवला.

"नको, डिलेश्वरी. डॉक्टर रागावतील."

"जरासं. चाटतो फक्त."

"बरी झालीस की देते. हवी तेवढी देते."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रेवा एखादी गोष्ट मागायची आणि मी नाही म्हणायची, तेव्हा डिलेश्वरी जशी समजून घ्यायची आणि रेवाच्या गालाला हात लावून म्हणायची, 'माय नाही म्हनते तं नाही', तसं काहीसं. मग तिने डोळे मिटून घेतले आणि जीभ ओठांवरून फिरवली.

जिल्ह्याच्या ठिकाणी रक्ताची पिशवी लागली. अर्धी गेली तोवर मूल झालं. मुलगी. एवढीशी, सुरकुतलेली, पण रडली. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, "मुलगी आहे, काचेत ठेवलीय." इठाबाईने हात जोडले. काही वेळाने तीच नर्स पुन्हा आली आणि या वेळी तिने आधी दार ओढून घेतलं. मग मला वाटतं ती म्हणाली, हृदयाला झेपलं नाही.

इठाबाई बाकावर बसून राहिली. तिच्या बोटांना अजून सकाळच्या भाताची शितं वाळून चिकटली होती. मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि सांगायला लागले. गोळीचं, मातीचं, धरून ठेवण्याचं. मला ते सरळ सांगता येईना. ती बराच वेळ ऐकत होती, का नव्हती, कळत नव्हतं.

"मी शेकून देत होतो," ती मध्येच म्हणाली. "तव्यावर. लेकरू मांगते म्हनून." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आपन सारेच तिले चारत होतो, पोरी. गोडीनं चारत होतो."

आत काचेच्या पेटीत बाळ होतं आणि त्याला दूध हवं होतं. मी नर्सला म्हटलं, "मला आहे."

"तुमचं कोण हे?"

"बहिणीचं."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता वाटी दिली. मी पडद्यामागे बसून पिळून दिलं. तिकडे रेवाही भुकेली होती, सर तिला कॅन्टीनसमोर फिरवत होते. दुसऱ्या दिवशी आई अमरावतीहून आली. रेवाला तिने घेतलं आणि मला म्हणाली, "तू तिथे बस. तिला दर दोन तासांनी लागेल." बाळ पेटीतून बाहेर येईपर्यंत मी तिथे होते.

चिचटोल्याला परत गेले ती फक्त सामान आणायला. सर घरामागच्या बांधीत होते. खड्डा बुजवताना नियम असतो, ज्या क्रमाने काढली त्याच्या उलट क्रमाने माती भरायची, खालची खाली, वरची वर, म्हणजे शेतकऱ्याची जमीन बिघडत नाही. सरांनी हे आम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी ते फावड्याने दिसेल ती माती आत लोटत होते. वरची, खालची, सगळी एकत्र. मी काठावर उभी राहिले. ते थांबले नाहीत.

मातीला चिचटोल्याचं नाव त्यांनी दिलं नाही. अहवालात ते शेजारच्या गावाचं गेलं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. इठाबाईने नातीचं नाव चैती ठेवलं. लोकचंदने दुसरं लग्न केलं, तो तिकडेच असतो. सर मुलाकडे परदेशी गेले. आई गेल्या वर्षी गेली. मी दिवाळीला चैतीला कपडे पाठवते, इठाबाई शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलते. गेल्या महिन्यात बोलताना सहज म्हणाली, "शाळेतली बाई सांगत होती, पोरगी खडू खाते म्हने. घरी बी भिताडापाशी बसून रायते. माहीत नाही का करते ते."

मी म्हटलं, इठाबाई, उद्याच तिला दवाखान्यात ने. ती म्हणाली, नेतो. त्यानंतर फोन लागत नाही. शेजाऱ्यांनी नंबर बदलला असेल, नाहीतर रिचार्ज संपलं असेल. मी शाळेचा नंबर शोधला, तोही लागला नाही. मला पुन्हा दिवस गेलेत, सातवा महिना आहे, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायला बंदी केलीय. नवरा म्हणतो, मुलं खडू खातातच, तू उगीच जीव टांगू नकोस. पाच माणसांना सांगून झालं. सगळे हो म्हणाले.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही त्या बाजूचे असाल, किंवा तुमचं कोणी तिकडे नोकरीला, सोयरिकीत, कशानेही जाणारं असेल, तर चिचटोल्याला जा. इठाबाईचं घर कोणीही दाखवेल. चैती बारीक आहे, डावीकडचा वरचा दात पडलाय, अनोळखी माणसासमोर पटकन बोलत नाही. तिच्याजवळ थोडा वेळ बसा. मग इठाबाईला सोबत घेऊन तिला दवाखान्यात न्या आणि रक्त तपासायला लावा. इठाबाई म्हणेल, मंगळवारी नेतो. मंगळवारपर्यंत थांबू नका.